पॅनल ओके आहे

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही. माझ्या बहिणीला नाही, जिला मी नको नको ते सगळं सांगत आले. गेल्या महिन्यापर्यंत ती कुणालाच ठाऊक नव्हती – आणि आता ज्या आठ-दहा माणसांना ठाऊक झाली आहे, त्यांतले आमचे साहेब सोडले तर कुणाला माझं नावसुद्धा नीट माहीत नाही. मग तुम्हाला का सांगते? एकदा तोंड उघडलं, की आता ते पुन्हा मिटायचं नाही असं ठरवलंय. बसा जरा. थोडं आडवळणाने येईन, पण येईन.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. नाशिकला, अंबडच्या एमआयडीसीत एका लहानशा शेडमध्ये मी पॅनलं तपासायचे. पॅनल म्हणजे लोखंडी कपाटासारखा डबा. आत वायरी, बाहेर दिवे आणि बटणं. आमची पॅनलं भट्ट्यांच्या बर्नरसाठी असत. डिझेलचा फवारा पेटवून भट्टी तापवतो तो बर्नर. आता मला सांगा, आतली ज्योत विझली आणि डिझेल मात्र येतच राहिलं, तर काय होईल? तापलेल्या भट्टीत त्याची वाफ भरत जाईल, आणि मग सगळी एकदम पेटेल. तसं होऊ नये म्हणून बर्नरवर एक डोळा बसवतात. काचेची एवढीशी वस्तू, पण उजेड आहे की नाही ते तिला बरोबर कळतं. ज्योत दिसते तोवर पॅनलवर हिरवा दिवा. दिसेनाशी झाली की दोन-तीन सेकंदांत पॅनल डिझेल तोडतं, लाल दिवा लावतं आणि भोंगा वाजवतं. आमचा भोंगा असा होता की शेजारच्या शेडमधले लोक शिव्या घालायचे.

माझ्या टेबलावर भट्टी कुठली असायला? मग ज्योत कुठून आणायची? तर तपासताना डोळ्याच्या जागी वायरचा एक तुकडा जोडायचा. त्याला आम्ही लूप म्हणायचो. लूप लावला की पॅनलला वाटतं, ज्योत दिसते आहे. काढला की वाटतं, विझली. मी पिवळ्या वायरचे वीत-वीतभर तीन लूप करून ठेवले होते – एक दाराच्या स्विचसाठी, एक हवेच्या दाबासाठी आणि एक ज्योतीसाठी. टेबलामागच्या खिळ्याला ते टांगलेले असत. तपासणी संपली की तिन्ही काढायचे आणि खिळ्यावर अडकवायचे. नियम माझाच होता. आणि तो मी सगळ्यांना ऐकवायची, चांगल्या खणखणीत आवाजात.

मी तोंडाळ आहे, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्या साहेबांनी मला वायरिंगवरून तपासणीच्या टेबलावर बसवलं, तेव्हा शेडमधले पुरुष हसले होते. आता पॅनलचं हळदीकुंकू होणार, म्हणाले. मीही मग एकेकाचं वायरिंग असं तपासलं की बोलायची सोय ठेवली नाही. कुणाची चूक सापडली की चारचौघांत सांगायची. ढिला स्क्रू सापडला तर तो स्क्रू त्या माणसाच्या डब्याच्या झाकणावर नेऊन ठेवायची. जेवायच्या वेळेला. असल्या बाईने आपली चूक झाली असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? – पण हे मी कारण म्हणून सांगत नाही. मी कसली होते, तेवढं सांगतेय.

नव्वदीच्या शेवटाशेवटाची वर्षं होती. सातपूरला स्टीलची कपाटं करणारा एक कारखाना होता, त्यांनी रंग भाजायची नवीन भट्टी बांधली होती आणि पॅनल आमच्याकडून घेतलं होतं. भट्टी दसऱ्याच्या मुहूर्तावर पेटवायची, असा त्यांचा हट्ट. म्हणजे खंडेनवमीला पॅनल आमच्याकडून निघायलाच हवं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. टेबलावर लाल कापड घालायचं, त्यावर ड्रिल, पकडी, मीटर, पेचकस सगळं मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूची फुलं वाहायची. आणि पूजेला मांडलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. पूजा साहेबांच्या घरच्या वहिनी करायच्या. त्या दर वर्षी एक वाजता यायच्या, त्या वर्षी अकरालाच आल्या. घरीही त्यांचं सगळं व्हायचं होतं. मी सातपूरचं पॅनल तपासून संपवलं होतं, कागदावर सहीसुद्धा केली होती. दोन लूप काढून खिळ्याला लावले होते आणि पेचकस घेऊन तिसऱ्याकडे वळले होते. तेवढ्यात वहिनी आल्या आणि हसत हसत माझ्या हातातला पेचकस घेऊन गेल्या. त्याला कुंकू लावलं. त्याच्यावर एक फूल ठेवलं.

दोन मिनिटं थांबा वहिनी, एवढं म्हणता आलं असतं की नाही? आलं असतं. आरती झाल्यावर पेचकस उचलता आला असता की नाही? देव काही रागावला नसता. पण पूजेच्या हत्याराला हात लावू नका म्हणून दर वर्षी लोकांना दटावणारी मीच. एका नव्या वायरमनला त्याच वर्षी मी त्यावरून झापलं होतं. मी म्हटलं, प्रसाद होऊ दे, मग एखादं नाणं घालून स्क्रू फिरवू. मग शिरा झाला, चहा झाला, वहिनींनी शेडमधल्या आम्हा तिघी बायकांना कुंकू लावलं, गप्पा झाल्या. पॅनलच्या दारावर कुणीतरी कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि हार घातला. दोन वाजता टेम्पो आला. पॅनल चढवताना मीच ओरडत होते – सांभाळून, हार तुटेल.

त्या क्षणी मला आठवलं नव्हतं. हे खरं आहे. इथवर माझी चूक आहे, आणि चूक कुणाकडूनही होते. पण मी तुम्हाला चूक सांगायला बसलेली नाही.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी कामावर गेले, पुढचं पॅनल टेबलावर घेतलं आणि खिळ्याकडे हात नेला. दोन लूप. मी खाली वाकून बघितलं, ड्रॉवर उपसला, केरसुणी घेऊन टेबलाखाली झाडलं. खरं तर ते सगळं नाटक होतं, आणि तेही स्वतःशीच. तिसरा लूप कुठे आहे, ते मला दोनच लूप दिसले तेव्हाच कळलं होतं. तो सातपूरला होता, त्या हार घातलेल्या दारामागे. आणि तो तिथे असेतो त्या भट्टीचा डोळा आंधळा होता. ज्योत असो नाहीतर नसो, पॅनलवर हिरवाच दिवा राहणार होता.

मग? – मग काय करायला हवं होतं, ते शेंबड्या पोरालाही कळेल. साहेबांचं टेबल माझ्यापासून दहा पावलांवर. फोन त्यांच्याच टेबलावर. साहेब, लूप राहिला, एवढंच म्हणायचं. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या, सातपूरला फोन केला असता, भट्टी थांबवून त्यांच्या इलेक्ट्रिशियनने तो काढून टाकला असता. संध्याकाळपर्यंत विषय संपला असता. शेडमधले पुरुष महिनाभर हसले असते, बास. मी ते दहा पावलांचं अंतर चालले नाही. मी पिवळ्या वायरचा नवा तुकडा कापला, दोन्ही टोकं सोलली आणि खिळ्याला अडकवला. कुणी मोजायला आलं असतं तर तीन भरले असते.

मनाची समजूत कशी घालतात बघा. भट्टी पहिल्यांदा पेटवताना डोळा काढून बघायचा असतो – ज्योत दिसेनाशी झाली की पॅनल बंद पडतं का, याची खात्री करायची असते. म्हटलं, दसऱ्याला ते झालं असेल, लूप सापडला असेल, काढूनही टाकला असेल. आणि मी साळसूदपणे साहेबांना विचारलं, काय हो, सातपूरची भट्टी नीट चालू झाली ना? साहेब म्हणाले, एका झटक्यात! मुहूर्त गाठला. म्हणजे डोळा काढून कुणीही बघितलं नव्हतं. नाहीतर एका झटक्यात कशी होईल? हेही मला त्याच क्षणी कळलं. आणि मी म्हटलं, चला, बरं झालं.

पहिले पंधरा दिवस फोन वाजला की हातातलं काम टाकून मी साहेबांच्या तोंडाकडे बघायची. दिवाळीपर्यंत ते बघणं कमी झालं. भट्टी छान चालली होती. ज्योत विझतच नव्हती, मग डोळा आंधळा असला काय आणि डोळस असला काय? माणूस भीतीलाही सरावतो. पौषापर्यंत मी विसरले नव्हते, पण आठवणं सोडून दिलं होतं.

पौषातच एका सकाळी साहेब माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, काल सातपूरची भट्टी उडाली, चल, तू तपासलेलं पॅनल आहे, ड्रॉइंग घे. व्हॅनमध्ये मी ड्रॉइंगची गुंडाळी मांडीवर धरून बसले होते. साहेब काही तरी बोलत होते. कुणी मेलं का, एवढं मला विचारायचं होतं, पण विचारलं नाही.

कुणी मेलं नव्हतं. भट्टीचं दार निखळून समोरच्या भिंतीवर जाऊन आदळलं होतं. टाकीच्या तळाचं पाणी डिझेलबरोबर आलं, त्याने ज्योत विझली, मागून पुन्हा डिझेल आलं आणि तापलेल्या विटांवर त्याची वाफ झाली. पॅनलने ते तोडायला हवं होतं. ते तोडलं गेलं नाही. दाराच्या एका बाजूला भट्टीचा ऑपरेटर उभा होता. रामदास भोये त्याचं नाव, पेठ तालुक्याकडचा, त्या कारखान्यात बारा वर्षं भट्टीवर. अगदी समोर असता तर संपलाच होता. त्याच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत पांढरं फडकं गुंडाळलं होतं, भुवया जळून गेल्या होत्या आणि डाव्या कानात कापूस होता. दवाखान्यातून जबाबासाठी आणून त्याला ऑफिसबाहेर स्टुलावर बसवलं होतं.

कारखान्याचा मॅनेजर आमच्या साहेबांना ते निखळलेलं दार दाखवायला घेऊन गेला. पॅनलपाशी मी एकटी उरले.

आता आले बघा मुद्द्यावर. मी पॅनल उघडलं. लूप तिथेच होता, वायरींच्या पट्टीआड, वरून बघणाऱ्याला दिसला नसता. मी पर्समधून माझा पेचकस काढला, दोन स्क्रू ढिले केले, लूप ओढून घेतला, पर्समध्ये टाकला आणि स्क्रू पुन्हा आवळले. हे सगळं इतक्या सहज कसं जमलं, याचंच मला पुढे कित्येक दिवस नवल वाटायचं. संध्याकाळी तो लूप मी आमच्या शेडमधल्या भंगाराच्या खोक्यात टाकला. तिथे वायरीचे असे हजार तुकडे पडलेले असायचे.

मग मी सगळ्यांना हाक मारली. डिझेलची लाइन बंद ठेवून पॅनल चालू केलं, बर्नरवरचा डोळा काढून हातात घेतला आणि त्याच्यावर बॅटरीचा उजेड पाडला. हिरवा दिवा. डोळ्यावर तळहात ठेवला. एक, दोन, तीन – लाल दिवा, आणि भोंगा असा वाजला की सगळे दचकले. मी पुन्हा एकदा करून दाखवलं. तिसऱ्यांदाही दाखवलं, कुणी मागितलं नसताना.

मग आम्ही ऑफिसमध्ये आलो आणि मॅनेजरने रामदासला आत बोलावलं. तो एकच सांगत होता – दिवा हिरवा होता. भोंगा वाजला नाय. मॅनेजर म्हणाला, मग भट्टी काय आपोआप उडाली? लाल दिवा लागला, भोंगा वाजला, आणि तू पॅनल पुन्हा चालू करायला रिसेटचं बटण दाबत बसलास. दाबून दाबून आत डिझेल भरलंस. रामदास म्हणाला, नाय साहेब, हिरवा होता. मग मॅनेजर माझ्याकडे वळला. म्हणाला, मॅडम, तुम्ही सांगा.

रामदास माझ्याकडे बघत होता. आशेने बघत होता, हो. ते पॅनल स्वतः तपासलेली खोलीत मी एकटीच आहे, हे त्यालाही कळत होतं. मी ड्रॉइंगकडे बघितलं आणि म्हणाले –

पॅनल ओके आहे.

एवढंच. तीन शब्द. त्यांनी कागदावर ऑपरेटरचा निष्काळजीपणा असं लिहिलं, आणि खाली तपासणी करणारी म्हणून माझी सही घेतली. रामदासची नोकरी गेली. भट्टी उडवणारा माणूस म्हणून सातपूर-अंबडमध्ये पुन्हा कुणी त्याला भट्टीवर ठेवलं नाही. व्हॅनमध्ये साहेब म्हणाले, तू होतीस म्हणून आपलं नाव राहिलं. मी म्हटलं, त्यात काय साहेब. हे वाक्य मला अजून ऐकू येतं. त्या तीन शब्दांपेक्षा या वाक्याची मला जास्त लाज वाटते.

त्यानंतर मी प्रत्येक लूपला लाल कापडाची हातभर चिंधी बांधली, पॅनलचं दार लावलं तरी बाहेर लोंबेल अशी. लोक म्हणाले, ताईंची केवढी काळजी. दुसऱ्या शेडवाल्यांनीही ती पद्धत उचलली. पुढे माझ्या हाताखाली सहा जणी आल्या, त्या सगळ्यांना मी चिंधी बांधायला शिकवलं. चिंधी का बांधतात, ते नाही सांगितलं.

अकरा वर्षं गेली. तुम्हाला वाटेल, अकरा वर्षं बाई जळत राहिली असेल. छे हो. जेवत होते, हसत होते, सिडकोत घर बांधलं, मुलीचं बारावीचं वर्ष उरकलं. अधूनमधून एखादा भोंगा वाजला की आत काहीतरी हलायचं, तेवढंच. मग आमच्याकडे एक नवा टेम्पोवाला येऊ लागला, पेठकडचा, बोलका. पॅनल चढवून झालं की चहा पिता पिता गावच्या गमती सांगायचा. एक दिवस म्हणाला, आमच्याकडं एक माणूस हाय, त्याला लोकं हिरवा दिवा म्हणत्यात. मी विचारलं, का रे? म्हणाला, पूर्वी सातपूरला भट्टीवर होता. त्यानं भट्टी उडवली न् वर सांगत सुटला, दिवा हिरवा होता, दिवा हिरवा होता. जो भेटंल त्याला तेच. लोकं हसायची. आता नाय बोलत काही. हंगामाला दिंडोरीकडं द्राक्षाच्या बागेत असतो, बायको न् तो.

मी चहाचा कप खाली ठेवला. टेम्पोवाल्याला वाटलं, ताईंना गंमत आवडली नाही.

पुढच्या रविवारी मी दिंडोरीची बस धरली. घरी मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं – बघा, तिथेही खोटंच. टेम्पोवाल्याने सांगितलेली बाग सापडायला दुपार झाली. मण्यांची विरळणी, म्हणजे घडांतले जादा मणी कात्रीने छाटणं, चालली होती, आणि जेवणाची सुट्टी झाल्यामुळे आठ-दहा माणसं वेलींच्या सावलीत बसून भाकरी खात होती. रामदासला मी ओळखलं ते त्याच्या हातावरून. कातडी कोपरापर्यंत गुळगुळीत आणि फिकट होती. त्याने मला ओळखलं नाही. सातपूरची आहे, जरा बोलायचंय, म्हटल्यावर त्याने सरकून जागा करून दिली. मी त्याच्या शेजारी मातीत बसले.

आणि सगळं सांगितलं. खाली मान घालून, हळू आवाजात. बसमध्ये घोकून आले होते मी. खंडेनवमी, वहिनी, पेचकस, तेव्हाची परिस्थिती, बाईमाणसाला शेडमध्ये काय काय ऐकून घ्यावं लागतं – सगळं नीट मांडून सांगितलं. पाच-सात मिनिटं तरी बोलले असेन. बोलून झाल्यावर मान वर केली, तर तो शांतपणे भाकरीचा तुकडा मोडत होता. मला वाटलं, केवढ्या मोठ्या मनाचा हा माणूस, काहीच बोलत नाही. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ताई, काई म्हनल्या का? ह्या कानानं ऐकू येत नाय मला. भट्टीतच गेला तो. इकडून या.

मी त्याच्या डाव्या बाजूला बसले होते.

हसू नका. किंवा हसा, मलाही आता येतं. अकरा वर्षांचं ओझं मी नेऊन एका बहिऱ्या कानात ओतलं होतं. आणि तो कान माझ्यामुळेच बहिरा झाला होता. त्या क्षणी मला वाटलं, उठावं आणि जावं. काही नाही, सहज आले होते, म्हणावं. खरंच, तेवढा मोह झाला. पण मी उठले आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.

उजव्या कानानेही त्याला कमीच ऐकू येत होतं. मोठ्याने बोलावं लागणार होतं, आणि मोठ्याने म्हणजे सगळ्यांच्या देखत. मोठ्याने बोलताना परिस्थिती वगैरे काही सांगता येत नाही. ओरडून कुणी बहाणे सांगतं का? मी ओरडून सांगितलं, पॅनलमध्ये वायर मी विसरले होते. तिच्यामुळे भट्टी उडाली. मी ती चोरून काढली. तुमचा दिवा हिरवाच होता. मी खोटं बोलले. जेवणाऱ्या बायकांचे हात थांबले.

रामदासने भाकरी फडक्यावर ठेवली. मग त्याने बायकोला हाक मारली. पलीकडे बसली होती, जिजाबाई नाव तिचं. मला म्हणाला, हिला सांगा. मी पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा. आता माझा आवाज बसला होता, तरी सांगितलं.

जिजाबाईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती नवऱ्याकडे बघत म्हणाली, मंग तू मला असा का म्हनला, का दिवा लाल असंल?

तेव्हा मला कळलं, मी त्याचं काय घेतलं होतं. नोकरी गेली, कान गेला, हे मला माहीत होतं. पण हे माहीत नव्हतं. तो हळूहळू म्हणाला – चार-पाच वर्सं सांगत राहिलो. मंग सगळी हसाय लागली. मंग मलाच वाटाय लागलं, लाल असंल. माझंच ध्यान नसंल. भोंगा वाजला असंल न् मीच ऐकला नसंल. रात्रंदिन इचार करून करून मला लाल दिसाय बी लागला. आपल्या डोळ्यांनी बघितलेलं त्याने सोडून दिलं होतं, कारण मी एका कागदाकडे बघत तीन शब्द बोलले होते. तो रडला नाही, जिजाबाई रडली. मग तीच डोळे पुसून शेजारच्या बाईला म्हणाली, ऐकला ना? हिरवा होता. ती बाई म्हणाली, ऐकला, ऐकला. आणि रामदास हसला. मोठं नाही, ओठाच्या कडेनं, पण हसला. कुणीतरी अंगावरचं पोतं उतरवून घेतल्यावर माणूस खांदा हलवून बघतो ना, तसे त्याने दोन्ही खांदे हलवले.

मी लिहून नेलेला कागद त्याला दिला. काय घडलं ते, आणि खाली माझी सही. सातपूरचा तो कारखाना आता दुसऱ्याच मालकाचा आहे, तरी एक प्रत तिथे टपालाने पाठवली. एक साहेबांच्या हातात दिली. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, आता कशाला हे? मी म्हटलं, तेव्हाच द्यायचा होता, उशीर झाला. नवऱ्याला आणि बहिणीला या आठवड्यात सांगणार आहे. काय म्हणायचं ते म्हणू देत.

त्या दिवशी परतताना बसमध्ये मी अशी झोपले की नाशिकला कंडक्टरने हलवून उठवलं. हलकं वाटतं मला. असं हलकं वाटायला माझा काय हक्क, असं मनात येतं, तरीही वाटतं. ते लपवलं तर पुन्हा खोटंच झालं. जेवण गोड लागतं, फोन वाजला की सरळ उचलते. रामदासच्या वाट्याला अकरा वर्षं आली आणि माझ्या वाट्याला शेवटी झोप आली, हा हिशेब काही मला सोडवता येत नाही.

एक राहिलं, तेही सांगून टाकते. सुट्टी संपली होती, मुकादम हाका मारत होता, बायका उठून वेलींखाली चालल्या होत्या. मी माफी मागितली नाही. मागितली असती तर त्याला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं, आणि ते ओझं पुन्हा त्याच्यावरच गेलं असतं. त्यानेही तो शब्द काढला नाही. कागद खिशात ठेवला, कात्री उचलली, दोन पावलं गेला आणि वळून म्हणाला, तव्हाच का नाय बोलल्या?

मी म्हटलं, भ्याले.

त्याच्या आवाजात राग नव्हता. म्हणाला, भ्यालो तर मी बी होतो, ताई. तरी मी खरं सांगितलं ना.

मी मान हलवली. तो कामावर गेला, आणि मी रस्त्याकडे निघाले.